सहा शिलिंगांचा खाडा

‘खाडा’ हा शब्द माझ्या मुलाला माहीत नव्हता. यात त्याची चूक नाही. तो जन्मला तेव्हा मी रेल्वेत लागलेली होते, घरात महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, आणि आजारी पडलं की रजेचा अर्ज टाकायचा असतो एवढंच त्यानं पाहिलं. मला मात्र हा शब्द अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत आहे. बाबा नागपुरात लकडगंजातल्या एका लाकूड कापायच्या आरामशीनवर रोजंदारीनं होते. कामावर गेलं तर रोज मिळणार, नाही गेलं तर हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे फुली. ती फुली म्हणजे खाडा. शनिवारी हिशेब व्हायचा, आणि बाबा दारात चपला काढत असतानाच आई विचारायची, "किती खाडे धरले?"

२०२३ च्या उन्हाळ्यात मी पाच आठवडे मुलाकडे हडर्सफील्डला होते. उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये, लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांवर वाढलेलं हे गाव. चढ-उताराचे रस्ते, धुरानं काळवंडलेला दगड, टेकडीवर रांगेनं एकाला एक चिकटलेली कामगारांची घरं. नागपुरात पारा चढलेला होता आणि मी तिथे स्वेटर घालून फिरत होते. मुलगा कामाला गेला की चालत स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं, हा माझा नेम. आपलं नागपूर स्टेशन सावनेरच्या दगडातलं, १९२५ चं. हडर्सफील्डचं १८५० चं, म्हणजे पाऊणशे वर्षांनी थोरलं. समोर एखाद्या देवळाच्या सभामंडपासारखे उंच खांब. आयुष्य रेल्वेत गेलं असल्यानं मी त्या खांबांखाली बराच वेळ काढायची.

एका रविवारी मुलगा सोबत होता. स्टेशनला लागूनच चौकात एक जुनं मोठं हॉटेल आहे, जॉर्ज हॉटेल. तेव्हा ते बंद होतं, आत जाता आलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, रग्बी लीग नावाचा खेळ याच हॉटेलात जन्मला." मी विचारलं, रग्बी तर आधीपासूनच होती ना, मग वेगळी कशाला काढली? तो म्हणाला, पैशावरून भांडण झालं. त्यांना ‘ब्रोकन टाइम’चे पैसे हवे होते. म्हणजे सामन्यासाठी कामाचा वेळ मोडला तर तेवढ्या मजुरीची भरपाई.

मी चौकात उभी राहिले. म्हटलं, अरे, हा तर खाडा आहे. त्यावर त्यानं विचारलं, "खाडा म्हणजे?"

तेव्हापासून तो खेळ आणि त्यातला एक माणूस माझ्या डोक्यात घर करून बसले आहेत. परत आल्यावर मिळेल ते वाचलं, मुलाकडून मागवलं, रात्री बाबांना वाचून दाखवलं. मी स्वतः कबड्डी खेळलेली, विदर्भाच्या संघातून खेळलेली आणि त्याच खेळावर रेल्वेत लागलेली बाई. रग्बीचा चेंडू मी आजवर हातात धरलेला नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण मराठीत हे कुणी खाड्याच्या बाजूनं सांगितलेलं मला सापडलं नाही.

आधी भांडण. १८५० च्या कायद्यानं इंग्लंडातल्या कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. कामगाराच्या हाती पहिल्यांदाच अर्धी सुट्टी आली आणि त्या अर्ध्या सुट्टीत उत्तरेतली गावंच्या गावं मैदानावर लोटली. रग्बी मुळात श्रीमंतांच्या निवासी शाळांमधली. यॉर्कशर-लँकेशरमध्ये मात्र ती खाणकामगार, गिरणी कामगार, गोदीतले हमाल यांच्या अंगात भिनली. सामना गावातच असला तर अडचण नव्हती. परगावी असला की सकाळची गाडी धरावी लागे, आणि शनिवारची सकाळ तर कामाची. अर्धा दिवस बुडाला. तिकिटाचे पैसे क्लबकडे जमत होते, हजारो माणसं पाहायला येत होती, आणि ज्यांना पाहायला येत होती त्यांची मजुरी कापली जात होती.

२० सप्टेंबर १८९३ ला यॉर्कशरच्या लोकांनी रग्बीच्या मुख्य संघटनेच्या लंडनच्या सभेत ठराव मांडला की खेळाडूंना बुडालेल्या वेळेची भरपाई देऊ द्या. बाजूनं १३६ मतं पडली, विरोधात २८२. रग्बीची सूत्रं ज्यांच्या हातात होती ती मोठ्या शाळांतून आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजमधून आलेली माणसं. त्यांच्या लेखी खेळ हौसेचा, आणि पैसा आला की खेळ बाटला. मी त्यांची बाजूही मन लावून वाचली. एका गोष्टीत त्यांची भीती खरी होती: आज भरपाई दिली तर उद्या पगार द्यावा लागेल. तसंच झालं. पण ज्या माणसाला शनिवारी सकाळी कुठेच हजेरी लावायची नाही, त्यानं फुली पडणाऱ्याला हौस शिकवावी हे मला आजही सहन होत नाही.

२९ ऑगस्ट १८९५, गुरुवार. जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापन झाली. पहिल्या हंगामात बावीस क्लब उतरले, हडर्सफील्ड त्यांतलंच एक. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. हाच पुढे रग्बी लीग म्हणून ओळखला गेलेला खेळ. लंडनवाल्यांनी मग दार असं लावलं की नॉर्दर्न युनियनमध्ये एकदा खेळलेला माणूस, त्यानं एक पैसा घेतला नसला तरी, त्यांच्या रग्बीतून जन्मभरासाठी बाद.

१८९८ मध्ये नॉर्दर्न युनियननं उघड उघड मोबदला देण्याची परवानगी दिली, पण एका अटीवर. खेळाडूला खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे. खेळ हे पोटाचं साधन नको, जोडीला हवं. बिलियर्डच्या टेबलाशी गुण मोजणारा किंवा दारूच्या दुकानातला वेटर ही कामं ‘खरी नोकरी’ धरली जात नसत. नोकरी सुटली की मैदानही सुटलं. १९०५ मध्ये ही अट गेली. हे वाचताना मला आमची खेळाडू भरती आठवत होती. आम्हीही कागदोपत्री कारकून होतो, मैदानावर कबड्डीपटू. स्पर्धेला जाताना विशेष रजा मिळायची, पगार चालू राहायचा. जे यॉर्कशरचे लोक १८९३ मध्ये मागत होते ते मला १९८७ मध्ये नेमणुकीच्या पत्रासोबत मिळालं. ते कुणीतरी कधीतरी भांडून मिळवलं असेल हे मला पासष्टच्या सालात जन्मून अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

आता तो माणूस. हॅरॉल्ड वॅगस्टाफ. जन्म १९ मे १८९१, हडर्सफील्डच्या शेजारच्या होमफर्थ गावातल्या अंडरबँक वस्तीत. मुलानं मला तिथे नेलं होतं. गाडीनं अर्धा तासही लागत नाही. दरीत वसलेलं गाव, खाली नदी, वर हिरवे चढ. अंडरबँक रेंजर्स या वस्तीच्या संघाकडून हा पोरगा मोठ्या माणसांत खेळत होता. हडर्सफील्डनं त्याला उचललं ते पाच पौंडांवर, सोन्याच्या पाच नाण्यांवर. एका पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे शंभर शिलिंग. सहा शिलिंगांच्या हिशेबानं सोळा-सतरा दिवसांचा खाडा. बाबांनी हा हिशेब माझ्याआधी तोंडी केला.

१० नोव्हेंबर १९०६ च्या शनिवारी तो ब्रॅम्लीविरुद्ध पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याचं वय पंधरा वर्षं १७५ दिवस. आमच्याकडे त्या वयाच्या मुलींना मी ‘किशोरी गटा’त खेळवते आणि वरच्या गटाशी सराव लावताना दहादा विचार करते. हा मुलगा खाणीत घण घालणाऱ्या बाप्यांच्या अंगावर जात होता. सतराव्या वर्षी, जानेवारी १९०९ मध्ये, तो इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला. विशीच्या आसपास क्लबचा कर्णधार.

खेळ नेमका त्याच वेळी बदलत होता, आणि हे त्याच्या नशिबाचं. १९०६ मध्ये नॉर्दर्न युनियननं संघ पंधराचा तेराचा केला. पकड झाली की सगळ्यांनी एकमेकांवर ढीग रचायचा हे थांबवून, पकडलेल्यानं उठून उभं राहायचं आणि पायानं चेंडू मागे सरकवून खेळ चालू करायचा असा नियम आणला. माणसं कमी झाली, मैदान मोकळं झालं. कबड्डीवाल्यांना हे सांगायची गरज नाही. सात जण असतानाचं मैदान आणि चार जण उरल्यावरचं मैदान, आखणी तीच असली तरी दोन वेगळी मैदानं असतात. वॅगस्टाफ सेंटर, म्हणजे मधल्या फळीतला. चेंडू त्याच्याकडे आला की समोरच्याला आपल्या अंगावर ओढायचा आणि ऐन पकडीच्या क्षणी बाहेरच्या गड्याला द्यायचा. नुसतं पळणाऱ्यांच्या त्या काळात त्याचा संघ मैदानाच्या कुठल्याही भागातून चेंडू फिरवत सुटायचा. त्याला लोक ‘सेंटर्सचा राजपुत्र’ म्हणत.

त्याच्या देण्याचं फळ कुणाच्या नावावर दिसतं? ऑस्ट्रेलियाहून आलेल्या अल्बर्ट रोझनफेल्डच्या. टोकाला उभा राहणारा हा बुटका गडी. १९१३-१४ च्या एका हंगामात त्यानं ८० ट्राय केले, म्हणजे ऐंशी वेळा समोरच्यांच्या रेषेपार चेंडू नेऊन टेकवला. हा विक्रम आजही उभा आहे, शंभरावर वर्षं झाली. मी प्रशिक्षक आहे म्हणून माझं लक्ष त्या ऐंशीवर थांबत नाही, त्याच्या आधीच्या पासवर जातं. आमच्या खेळातही चढाई करणाऱ्याचं नाव पेपरात येतं. कोपऱ्यातून चढाईवालीचा घोटा पकडून दुसऱ्याला उडी मारायला वेळ मिळवून देणारी पोरगी कुणाला आठवत नाही. वॅगस्टाफ त्या जातीचा खेळाडू होता आणि तरीही लोकांनी त्याला ओळखलं, याचा मला फार आनंद आहे.

१९१४-१५ मध्ये त्याच्या संघानं त्या हंगामातले चारही करंडक घेतले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सला ३७-३ नं हरवलं. त्या सामन्याची एक बाजू मला त्या ३७ गुणांपेक्षा मोलाची वाटते. सेंट हेलेन्सचे खेळाडू सामन्याआधी बोनसच्या पैशावरून अडून बसले होते. त्यांच्या कर्णधारानं समजूत काढली तेव्हा ते मैदानात उतरले. जॉर्ज हॉटेलच्या त्या गुरुवारला वीस वर्षं होत आली होती, आणि पैशाचा प्रश्न कपडे बदलायच्या खोलीत अजून तसाच बसलेला होता.

पण मी बाबांना जे दोन रात्री वाचून दाखवलं ते या करंडकांचं नव्हतं. ते होतं सिडनीचं.

१९१४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॅगस्टाफ इंग्लंडच्या संघाचा कर्णधार होता, वय तेवीस. २७ जूनला पहिली कसोटी, ती त्यांनी २३-५ नं जिंकली. दुसऱ्या दिवशी सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घातल्या गेल्या. सिडनीत बसलेल्या त्या खेळाडूंना त्याचा अर्थ कळला असेल असं वाटत नाही. २९ जूनला लगेच दुसरी कसोटी, ती ऑस्ट्रेलियानं १२-७ नं घेतली. तिसरी खरं तर नंतर मेलबर्नला व्हायची होती. ती ओढून ४ जुलैला सिडनीतच लावली गेली. आठ दिवसांत तीन कसोट्या. अर्धा संघ जायबंदी, खेळाडूंनी आणि व्यवस्थापक जॉन क्लिफर्ड यांनी हरकत घेतली. उत्तरादाखल इंग्लंडहून तार आली, त्यांच्या जुन्या नौसेनापतीच्या, नेल्सनच्या, प्रसिद्ध वाक्याची: इंग्लंडची प्रत्येकाकडून कर्तव्याची अपेक्षा आहे. तार पाठवणाऱ्यांची तंगडी मोडणार नव्हती, एवढं मी इथे रागानं लिहिते.

क्लिफर्डनी खेळाडूंना एकत्र केलं, त्यांच्याशी बोलले, आणि ते उतरले.

बदली खेळाडू हा प्रकार तेव्हा नव्हता. जो पडला तो गेला. सुरुवातीलाच टोकाला खेळणाऱ्या फ्रँक विल्यम्सचा पाय मुरगळला. डग्लस क्लार्कचा अंगठा मोडला, तो बांधून पुन्हा आला. मध्यंतराला इंग्लंड ९-० नं पुढे. मग क्लार्कचं हासळीचं हाड मोडलं. हात बांधून परत यायचा प्रयत्न त्यानं केला, जमेना, रडत बाहेर गेला. बिली हॉलला डोक्याला मार लागून शुद्ध नीट नव्हती. विल्यम्स तर आधीच लंगडत बाहेर. तेरांतले तीन गेले. उरले दहा.

इथे बाबांनी मला थांबवलं. अंथरुणातून उठून बसले. वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं, पण हे नीट ऐकलं होतं.

"गामिनी," ते म्हणाले.

तरुण वाचकांना हे सांगायला हवं. जुन्या हुतुतूचे प्रकार होते. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होऊन आत येतो, आजची कबड्डी तशीच आहे. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच बसतो. सगळा संघ बाद होईपर्यंत कुणी परत येत नाही. शेवटी एकटा उरला तरी त्यानंच झुंजायचं. बाबा लहानपणी महालात चिटणीस पार्कवर गामिनी खेळलेले. म्हणाले, "गामिनीत जो उरते ना, त्याले आपला दम मोजता येत नाही. त्याले वाटते आपल्यापाशी सात जणाचा दम आहे."

दहा विरुद्ध तेरा. वॅगस्टाफनं फळी भेदली आणि चेंडू दिला ‘चिक’ जॉन्सनला. जॉन्सन मुळात पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, माणसं कमी पडली म्हणून टोकाला उभा केलेला. समोर शेवटचा एकच बचावपटू होता. जॉन्सननं चेंडू हातातून खाली टाकला आणि फुटबॉलसारखा पायानं ढकलत, त्याला चकवून, थेट रेषेपार नेला. १४-०. उरलेल्या वेळात ऑस्ट्रेलियानं दोन ट्राय केले आणि सामना १४-६ वर संपला.

त्या सामन्याला ‘रोर्क्स ड्रिफ्ट’ म्हणतात. आफ्रिकेत १८७९ मध्ये झुलूंच्या मोठ्या सैन्यासमोर मूठभर इंग्रज शिपायांनी ठाणं राखलं, त्या लढाईवरून. हे नाव मला रुचत नाही. त्या युद्धात झुलू स्वतःच्या मुलखासाठी लढत होते, चालून गेलेले इंग्रज. अंगठा बांधून खेळलेल्या कामगारांच्या सामन्याला दुसऱ्याचा मुलूख बळकावण्याचं नाव कशाला? मी घरात त्याला गामिनीचा सामना म्हणते.

दौरा संपेपर्यंत महायुद्ध सुरू झालं होतं. त्या संघातले फ्रेड लाँगस्टाफ, बिली जार्मन आणि वॉल्टर रोमन १९१६ मध्ये त्या युद्धापायी गेले. वॅगस्टाफ, रोझनफेल्ड, क्लार्क आणि बेन ग्रोनो सैन्याच्या वाहतूक विभागात, लंडनजवळ ग्रोव्ह पार्कला लागले. आणि मग जी गोष्ट शांततेच्या काळात अशक्य होती ती घडली. गणवेशात असताना जुनी बंदी शिथिल झाली, त्यामुळे या ‘बाटलेल्या’ माणसांना सैन्याच्या संघातून लंडनवाल्यांची रग्बी खेळता आली. १९१६-१७ च्या हंगामात त्यांच्या तुकडीचा संघ सव्वीस सामन्यांत फक्त एक हरला. युद्ध संपलं, गणवेश उतरले, दार पुन्हा बंद. मरायला चालत होते, खेळायला नाही. त्या दारानं उघडायला ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला. तेव्हा रग्बी युनियननं, म्हणजे लंडनवाल्यांच्या त्या रग्बीनंही, खेळाडूंना पैसे देणं मान्य केलं. जॉर्ज हॉटेलच्या सभेला शंभर वर्षं पुरी व्हायला तीनेक दिवस कमी होते.

वॅगस्टाफ १९२० मध्ये पुन्हा कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला. १९२५ पर्यंत हडर्सफील्डकडूनच खेळला, चारशेवर सामने. नंतर पब चालवला, इतर संघांना शिकवलं. जुलै १९३९ मध्ये गेला. वय फक्त अठ्ठेचाळीस. १९८८ मध्ये रग्बी लीगनं आपल्या सर्वोच्च खेळाडूंचं दालन उघडलं तेव्हा पहिल्या नऊ नावांत त्याचं होतं. हे सारं मी बाबांना भराभर वाचून दाखवलं, कारण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. त्यांचं लक्ष मागे अडकलं होतं.

"त्या क्लार्कले खाडा भेटला काय?"

मी म्हटलं, बाबा, दौऱ्यावरच्या खेळाडूंना भत्ता असायचा.

"भत्ता नाही वं. हाड मोडल्यावरचा. घरी आल्यावरचा."

हा प्रश्न कुठून आला ते मला ठाऊक होतं. १९७२ साली वर्ध्याच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात, मांडीची पकड घालताना बाबांच्या अंगावर दोघं पडले आणि डावं हासळीचं हाड मोडलं. मी सात वर्षांची. संघ जिंकला. बक्षीस म्हणून सात जणांना स्टीलचे सात गिलास मिळाले. ढाल मंडळाकडे गेली. बाबांचा रोज तेव्हा साडेतीन रुपये. सागाचे ओंडके उचलायचं काम, एका हातानं होणारं नव्हे. सात आठवडे हजेरीच्या वहीत फुल्या. मालकाचं म्हणणं होतं की मशीनवर हाड मोडलं असतं तर काही दिलं असतं, खेळात मोडलं त्याला मी काय करू. मंडळाचे लोक घरी येऊन बसून गेले, त्यांच्याजवळही काही नव्हतं. आईनं बिड्या वळायला घेतल्या. मी शाळेतून आले की तेंदूची पानं कापून द्यायची. हाडवैद्यानं पट्टी बांधली, हाड जुळलं ते वाकडं. बाबा त्यानंतर कबड्डी खेळले नाहीत, आणि डावा हात आजतागायत खांद्याच्या वर जात नाही. त्या गिलासातून ते अजूनही पाणी पितात. कधी तक्रार केली नाही. म्हणूनच तो प्रश्न ऐकून मी काही वेळ फोनकडे बघत राहिले, पुढची ओळ वाचता येईना.

नॉर्दर्न युनियनची ती भरपाई बुडालेल्या वेळेची होती. मोडलेल्या हाडाचं दुखणं त्याहून मोठं. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग १९०७ मध्ये सुरू झाली त्यामागे हेच होतं. ॲलेक्स बर्डन नावाचा सिडनीचा खेळाडू, पेशानं न्हावी. खेळताना हात जायबंदी झाला, वस्तरा धरता येईना, आणि त्याच्या खेळाच्या संघटनेकडून बुडालेल्या कमाईचं काही मिळालं नाही. त्यावरून वेगळं व्हायची भाषा सुरू झाली. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "न्हाव्याचा हात अन् आरेवाल्याचा हात." एवढंच.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात राकेश कुमारवर सर्वाधिक, १२ लाख ८० हजारांची बोली लागली. तोही रेल्वेचाच. आमच्या कार्यालयात त्या दिवशी पेढे वाटले गेले. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली. मला याचा निखळ अभिमान आहे, पैशानं खेळ बाटतो असं मी कधीच मानलं नाही. पण माझ्या मैदानावर संध्याकाळी येणाऱ्या बावीस मुलींमध्ये नऊ जणी सकाळी आईबरोबर धुणीभांड्याला किंवा कॅटरिंगच्या कामाला जातात. लग्नसराईत स्पर्धा आली की त्या गळतात. पूर्वी मी चिडायची, शिस्त नाही म्हणायची. एकीला तर गेल्या हंगामात संघातून वगळलं होतं. पुऱ्या लाटायच्या कामाचे तिला दिवसाला चारशे मिळत होते आणि मी तिला तीन दिवस अमरावतीला चल म्हणत होते. तिनं कारण सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. मी, जिच्या घरात तेंदूची पानं कापली गेली. ही चूक माझी.

दिवाळीनंतर तिच्या घरी गेले. आईशी बोलले, तिला परत आणलं. आता माझ्या वहीत नाव, वय, वजन, उपस्थिती यांच्या पुढे आणखी एक रकाना आहे. आम्ही चार निवृत्त खेळाडू दर महिन्याला थोडे पैसे जमवतो. परगावच्या स्पर्धेला गेलेल्या मुलीचा जेवढा रोज बुडेल तेवढा घरी पोहोचता करतो. डिसेंबरात यवतमाळला गेलो तेव्हा सहा जणींचा मिळून पाच हजारांच्या आसपास गेला. दुखापतीसाठी विम्याचे कागद मागवले आहेत, ते अजून समजून घ्यायचे आहेत. रकान्याचं नाव काय ठेवायचं यावर आमच्यात बोलणं झालं. कुणी ‘प्रोत्साहन’ म्हणालं, कुणी ‘मदत’. मी ‘खाडा’च लिहिलं.

मागच्या आठवड्यात बाबांना पुन्हा तोच सामना ऐकायचा होता. वाचून झाल्यावर म्हणाले, "क्लार्कचं पुढं काय झालं ते सांगितलं नाही तू."

मी सांगितलं. डग्लस क्लार्क कंबरलँडच्या मेरीपोर्टचा, कोळशाच्या धंद्यातला. युद्धात जखमी झाला, शौर्यपदक मिळालं. परत येऊन पुन्हा रग्बी खेळला. आणि तो पहिल्यापासून पैलवान होता. त्यांच्याकडे एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफून सुरू होणारी कुस्ती असते, त्यात तो नावाजलेला. रग्बी सोडल्यावर तर धंदेवाईक कुस्त्या केल्या.

"कुस्ती? त्या खांद्यानं?"

हो, म्हटलं.

बाबांनी उजव्या हातानं आपली डावी हासळी चाचपली, जिथे हाड वर आलेलं आहे तिथे.

"मंग त्याचं बरोबर जुळलं होतं," ते म्हणाले, आणि पाण्याचा गिलास मागितला.